अर्ध्या वाटेतून मागं फिरायचं बटण

परवा चंदी व्याली. दोन करडं झाली, दोन्ही पाटी, बोकड एकही नाही. एक काळी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि दुसरी आईसारखी तांबडी. तू असतीस तर करडं उभी राहायच्या आधी सगळ्या आळीला खबर गेली असती. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आधी तुझ्या फोनात घालू, मग सांगू.

फोन घेऊन उंबऱ्यावर बसलो. शेळीचं चित्र दाबलं, चंदीचा फोटो दाबला, करडाचं चित्र दाबलं. इथपर्यंत बरोबर गेलो. काळीचा फोटो काढला, रंग भरला, पाट की बोकड ते भरलं. तेवढ्यात तांबडी धडपडत निघाली ती पाण्याच्या घमेल्यात तोंड बुडवायला. तिला आवरायला उठलो आणि बोट पडलं घराच्या चित्रावर. परत बघतो तर पहिलं पान. भरलेलं सगळं गेलेलं. फोनाचं खालचं परतीचं बटण दाबलं तर ॲपच मिटलं. मागं जायला वाट नाही. असणार कुठनं? ती वाट तूच काढून टाकायला लावली होतीस.

मी मोठ्यानं म्हणालो, "बघ! मी काय म्हणत होतो?"

चंदीनं मान वर करून बघितलं. दुसरं कोण बघणार?

एवढे महिने भांडलो आणि जिंकलो तर असा. जिंकायलासुद्धा समोर माणूस लागतं गं. तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल लय चांगलं बोलले. शांत होती म्हणाले, सोशिक होती म्हणाले. मी खाली मान घालून ऐकत होतो. ज्यांनी तुला कधी भांडताना बघितलं नाही, त्यांना तू काय ठाऊक? मला वाटत होतं उठावं आणि सांगावं, अरे बाबांनो, ही बाई एका बटणासाठी माझ्याशी पावसाळाभर भांडली.

आपली पोरगी वैशाली म्हणते, आबा, तेच लिहा. शेरडंवाल्या गटातल्या बायकांना मी वाचून दाखवते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजी झोपले की बंद व्हायची. पण तुला लिहायचंय तर शुद्ध कशाला लिहू? तुझ्याशी शुद्ध कधी बोललो?

आपल्या पोरीनं सांगलीत बसून हे ॲप काढलं, शेरडं पाळणाऱ्या बायकांसाठी. कुठली शेळी कधी फळून गाभण राहिली, लस कधी दिली, करडं किती, कुठलं करडू कुणाच्या पोटचं. बायकांना वाचता येत नाही म्हणून सगळं फोटोवर आणि चित्रांवर. हे सुचलं तुझ्यावरनंच. तू गोठ्यात उभी राहून सांगायचीस, ही चंदी मोरीची, मोरी ढवळीची, ढवळी आपण रहिमतपूरच्या बाजारातनं आणलेल्या त्या शिंगमोडीची. वैशाली म्हणाली, आई, तुझ्या डोक्यातलं फोनात घालते. आणि मग रोज वापरून बघायचं काम तुलाच दिलं. तू काय मिरवलीस! चष्म्याला दोरी लावलीस आणि फोन पदरात बांधून फिरायला लागलीस.

आणि तुझ्या डोक्यात काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं. मला होतं.

आपलं लग्न झालं तवा मी वडाप मारायचो. पाटणातनं कोयनानगर, कोयनानगरातनं पाटण. जीपमध्ये माणसं कोंबायची आणि घाटात घालायची. तवा आपण पाटणला रस्त्याकडंच्या खोलीत राहत होतो. एकदा जीप भरली, निघालो, चढाला लागलो आणि ध्यानात आलं की डबा घरीच राहिला. भरल्या जिपेसकट मागं फिरलो आणि दारात येऊन हॉर्न दिला. म्हटलं तू डबा खिडकीतनं देशील. तू दारात उभी, हातात डबा नाही, पाण्याचा तांब्या.

"उतरा खाली," म्हणालीस.

"अगं, माणसं खोळंबलीत!"

"खोळंबूंद्यात. अर्ध्या वाटंतनं मागं फिरलासा न्हवं? आत या, टेका, घोटभर पाणी घ्या, मंग नव्यानं निगा. न्हाईतर काम फिसकटतं."

मागं बसलेला एक म्हातारा ओरडला, "पोरी, आमी बी फिरलोय की मागं! आमाला न्हाई व्हय पाणी?" आणि तू सगळ्या जिपेला पाणी पाजलंस. त्या दिवसापासनं त्या रस्त्यावर माझ्या जिपेला पाणीवाली जीप म्हणायला लागले. मी लय चिडलो होतो. आता सांगतो, त्यामुळं गिऱ्हाईक वाढलं.

ही तुझी रीत. आईकडनं आणलेली, तिनं तिच्या आईकडनं. काम धरलं की मागं फिरायचं नाही. फिरावंच लागलं तर घरी येऊन टेकायचं, पाणी प्यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासनं. जन्मभर मी तुझ्या रितीला हसलो आणि जन्मभर उंबऱ्यावर टेकून पाणी प्यालो.

तर वैशालीनं फोन दिला आणि थोड्या दिवसांत फोन अडकायला लागला. बोट लावलं की वेळानं हलायचा. तू फोनावर फुंकर मारायचीस. मी म्हटलं गरम झालाय, माठावर ठेव. वैशाली रविवारी आली, सोबत तिची ऑफिसातली सन्मती. ती सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची पोर, हुशार, बोलायला तिखट. चटणीभाकरी खाताना वैशालीनं तुझा फोन हातात घेतला आणि मागं जायचा बाण दाबला. चंदी आली. परत दाबला, घर आलं. परत दाबला, मोरी. परत घर. परत ढवळी. परत घर, परत चंदी. दाबत गेली, दाबत गेली, संपेचना.

"आई, किती पानं उघडलीस गं ही! बाण कधी दाबलाच न्हाईस?"

तू भाकरी मोडता मोडता म्हणालीस, "मी कवाबी मागं फिरली न्हाई."

सन्मती हसायला लागली. वैशाली हसली नाही. तिला एकदम उमगलं. चंदीला लस घालून झाली की बाण दाबून मागं यायचं, असं तिनं धरलं होतं. तू बाण दाबायचीच नाहीस. एक काम झालं की घराचं चित्र दाबायचीस. आणि तिनं केलं होतं असं, की घर दाबलं की जुन्या सगळ्या पानांवर घराचं नवं पान येऊन बसायचं.

तिनं उठून आपल्या घडवंचीवरच्या गोधड्या दाखवल्या. म्हणाली, "आई, हे बघ. आता कसं झालंय, नवं पान उघडलं की ते जुन्यावर टाकायचं, गोधडीवर गोधडी. वरची काढली की खालची हाय तशी मिळती. पन तू एकबी काढत न्हाईस, नुसती टाकत जातीस. ढीग छताला लागलाय. दुसरी रीत अशी, की घर म्हटलं की सगळा ढीग उचलायचा आन् एकच गोधडी हातरायची. खाली काय न्हाई. फोन हलका."

"मंग तसंच कर," तू म्हणालीस. "सरळ हाय."

मी तिथं तोंड घातलं. नसतं घातलं तर भांडण झालंच नसतं, पण मी वडापवाला. मी विचारलं, "सगळी उचलली तर मागं यायचं कसं?"

"यायचं न्हाई आबा. त्या रितीत मागची पानं ऱ्हातच न्हाईत."

"आन् आबा," सन्मती म्हणाली, "माझ्या फोनाला तर खाली परतीचं बटणच न्हाई." तिनं तिचा महागातला फोन तुझ्या हातात दिला. तू उलटा करून बघितलास, सुलटा करून बघितलास. खरंच बटण नाही, कडेवरनं बोट ओढावं लागतं. तुला ते कुणी सांगितलं नाही. तू म्हणालीस, "ह्यो फोन शाना हाय. ज्यानं केला त्येच्या घरात कुनीतरी म्हातारी असनार."

त्यावर मी जे बोललो ते आपण पुढं पावसाळाभर बोललो. मी म्हटलं, घाटात समोरनं एसटी आली तर ज्याच्या मागं जागा असेल त्यानं गाडी मागं घ्यायची. ज्याला मागं घेता येत नाही त्यानं घाटात गाडी घालू नये. आणि शेरडाचं बघ, मी म्हटलं. चंदीच्या पानावरनं तिच्या करडाच्या पानावर गेलो, तिथनं त्याच्या करडाच्या. मला परत चंदी बघायची तर? ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं यायला पाहिजे. करडावरनं आईवर, आईवरनं आजीवर.

"घरी या की," तू म्हणालीस. "घरातनं चंदीकडं जावा. वाट मोडलीय व्हय?"

"घरी येनं म्हंजे मागं फिरनंच झालं!"

"न्हवं. लेक म्हायेरी येती, ती काय मागं फिरून येती व्हय? घरी येनं येगळं आन् मागं फिरनं येगळं. तुमाला जीप चालवून चालवून गियरच कळतात, घर कळत न्हाई."

वैशाली आणि सन्मती आपल्या तोंडाकडं बघत बसल्या. जाताना वैशाली म्हणाली, आई, आता तुझ्या रितीचं करून देते, तू आणि आबा दोघं वापरून बघा, आणि पक्कं काय करायचं ते तू सांग. तू सांगितलंस की सगळ्या बायकांच्या फोनात घालते.

तू सांगितलं नाहीस. तुला सांगायचंच नव्हतं, मला ठाऊक आहे. सांगितलं असतंस तर भांडण संपलं असतं. मी चहा पिताना म्हणायचो, घाटात काय करशील? तू म्हणायचीस, मी घाटात जातीय कशाला? तू धार काढताना मी मागनं म्हणायचो, अर्धी माहिती भरली आणि कुणी हाक मारली तर? तू म्हणायचीस, भरून हूईस्तवर हाकंला ओ देयाची न्हाई. एकदा तर मी जेवणात मीठ कमी आहे म्हणालो आणि तू म्हणालीस, "जावा आता मागं, फिरवा गाडी, आन् घाला मीठ." एवढं हसलो होतो आपण, की शेजारची हौसाबाई बघायला आली, काय झालं म्हणून.

मग तुला दम लागायला लागला. गोठ्यातनं दारापर्यंत यायला मध्येच थांबायचीस. फोन मात्र पदरातच होता.

त्या सकाळी शेजारच्याची व्हॅन मागून घेतली, तुला पुढं बसवलं आणि साताऱ्याच्या दवाखान्याला निघालो. गाव सोडून ओढ्यापर्यंत गेलो आणि ध्यानात आलं की तुझ्या तपासणीचे कागद खुंटीलाच राहिले. गुपचूप गाडी वळवली. म्हटलं, हिचे डोळे मिटलेत, हिला काय कळतंय.

"मागं फिरलासा न्हवं?" डोळे न उघडता म्हणालीस.

"कागद ऱ्हायलं. पिशवी घेतो आन् निगतो. तू उतरू नगंस."

"उतरनार."

"अगं, दम लागलाय तुला! ह्यो काय येडेपना करायचा टाइम हाय व्हय?"

"टेकल्याबगार मी न्हाई यायची. जावा तुमी एकलं दवाखान्यात."

तुझ्यापुढं कोण जिंकलंय? तुला धरून उतरवलं. तू उंबऱ्यावर टेकलीस. मी आतनं तांब्या आणला. तू घोटभर पाणी प्यालीस, घोटभर मला पाजलंस. लय दिवसांनी आपण दोघं एका उंबऱ्यावर बसलो होतो. ऊन अंगणात आलं होतं. चंदी खुंट्याला ओढ घेत तुझ्याकडं बघत होती. तू हात केलास तशी ती दावं ताणून आली आणि तुझा हात चाटायला लागली.

"गाभण हाय," म्हणालीस. "पाट झाली तर ठेवा. इकू नगासा."

"बरं, बरं. चल आता."

तू उठली नाहीस. अंगणभर बघितलंस. तुळस, चूल, दोरीवरचं माझं धोतर, सगळं. आणि म्हणालीस, "एक बरं झालं, मागं फिरलासा ते."

मी म्हटलं, "चल गं, उशीर हुतोय."

तेवढंच. तुला उठवलं, गाडीत बसवलं. तू उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावलास. आणि त्यानंतर तू या घरात आली नाहीस.

पुढं मी डॉक्टरला विचारलं, आम्ही वाटेतनं मागं फिरलो होतो, त्यानं काही झालं का? तो म्हणाला, नाही हो आजोबा, त्यानं काही फरक पडला नसता. खरं का खोटं ते त्याला ठाऊक. मी खरं धरून चाललोय.

आता बघ, परवा फोनातली माहिती गेली तवा मी तुझ्यावर खेकसलो, आणि मग त्याच उंबऱ्यावर बसल्या बसल्या तुझं ते बोलणं मला नीट ऐकू आलं. त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं. घाईत होतो. मागं फिरलासा ते बरं झालं. पावसाळाभर जे तुझ्या तोंडून काढायला मी टपलो होतो, ते तू आपणहून बोललीस आणि मी म्हटलं उशीर हुतोय. तू नक्की मनात हसली असशील. दिलं होतं जिंकायला, घेता आलं नाही गाढवाला.

काल वैशाली आली. काळ्या पाटीला मांडीवर घेऊन बसली आणि कॉम्प्युटर उघडून माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आबा, आता बायका लय मागं लागल्यात. आईनं सांगितलं न्हाई. तुमी सांगा, कुनाचं ठेवू? तुमचं का आईचं?"

माझ्या मनात आलं, माझं म्हणावं तर तुला उत्तर द्यायला तोंड नाही. तुझं म्हणावं तर तू म्हणशील, मेल्यावर मान देतासा, जित्तेपनी का न्हाई दिलासा? दोन्हीकडनं मीच मार खाणार. मग मी तिला त्या सकाळचं सांगितलं. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आम्ही निघालो आणि पोचलो. उंबऱ्याचं, पाण्याचं, चंदीचं, सगळं सांगितलं. ती रडली, मी पण रडलो. काळी पाट दोघांच्यामध्ये तोंड खुपसत राहिली.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "म्हंजे कसं करू?"

मी म्हटलं, "घर दाबलं की घरीच यायचं. तुझ्या आईसारखं. ढीग नगो, गोधडी एकच. पन करडावरनं आईकडं, आईवरनं आजीकडं जायला माझा बाण ठेव, तिथं वाट मोडू नगो. आन् कुनी अर्धं काम टाकून मागं फिरलं, बाणानं फिरू दे न्हाईतर घराच्या चित्रानं, तर भरलेलं पुसू नगोस. त्येला जरा टेकव. पाणी पाज. मंग नव्यानं निगू दे, पन भरलेलं तसंच हातात देऊन."

ती म्हणाली, "आबा, हे आमाला सुचलं न्हाई." मी म्हटलं, मला पण कुठं सुचलंय, तुझ्या आईनं जिपेला पाणी पाजलं होतं, तेच सांगतोय.

दिवसभर बसून तिनं केलं. आता अर्ध्यातनं मागं फिरलं की पानावर तांब्याचं चित्र येतं आणि आवाज येतो, "टेका जरा. घोटभर पाणी घ्या. भरलेलं कुठं जात न्हाई." आवाज माझा आहे. तुझा कुठं धरून ठेवलेला नव्हता, आणि मला तो कुणाच्या फोनात नकोही होता. हौसाबाईच्या फोनात पहिल्यांदा घातलं. तिनं मुद्दाम पाचदा मागं फिरून ऐकलं आणि म्हणाली, "आवं भाऊजी, जन्मात कुनाला पाणी विचारलं न्हाईसा, आता समद्या गावाला पाजतासा व्हय!" मी म्हटलं, शिकवणारीनं उशिरा शिकवलं.

आज सकाळी पुन्हा भरायला बसलो. चंदीच्या खाली काळी घातली, तांबडी घातली. नावाच्या जागी येऊन थांबलो. नावं तूच ठेवायचीस. ढवळी, मोरी, चंदी, सगळी तुझी. काळीचं नाव सुचेना, तांबडीचंही नाही. म्हटलं, राहू दे. बाण दाबला. माझाच आवाज मला म्हणाला, टेका जरा.

टेकलेलोच होतो गं, तुझ्या जागेवर. तांब्या शेजारी ठेवलेला होता. घोटभर मी घेतलं, घोटभर तुझ्या बाजूला उंबऱ्यावर ओतलं. दगडानं लगेच पिऊन टाकलं.

पाटी दोन्ही ठेवल्यात. विकत नाही. आणि आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. तू बरं झालं म्हणालीस, माझं उत्तर द्यायचं राहिलंय. अर्धं भरून ठेवलंय. ते कुठं जात नाही.